ब्रेक ऑइल बघितलंय

वरद, ते बोनेट आता झाक आणि इकडे येऊन बस. तुझ्या त्या दोघा मित्रांनाही बसव. रात्री साडेनऊला मोबाइलच्या उजेडात इंजिनात डोकं घालणाऱ्याला काही सापडत नाही, आणि सापडलंच तर नको ते सापडतं. तुम्हाला ही वीस वर्षांची गाडी पळवायची आहे, हे मला कळलं. पळवा की. मी काही ‘पळवू नका’ म्हणणारा म्हातारा नाही. आयटीआयला तीस वर्षं मोटार मेकॅनिक शिकवलंय, तुमच्यासारखी पोरं पाहिलीत आणि त्यांचे बापही पाहिलेत. पण सायलेन्सर कुठला बसवू हे विचारण्याआधी नाथाजीचं काय झालं ते ऐका. त्यातलं मी पाहिलं तेवढं माझं, बाकीचं त्यानं माझ्यासमोर मान खाली घालून सांगितलेलं. पदरचं काही घातलेलं नाही.

नाथाजी माझा विद्यार्थी. सातारच्या आयटीआयतून निघाला तो थेट फौजेत गेला, सतरा वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि पेन्शन घेऊन इस्लामपूरला आला. पेठ रस्त्याला, उसाच्या रानाला लागून गॅरेज टाकलं. जुन्या पेट्रोल गाड्या, ज्या त्यांच्या काळी बाकीच्यांना धूळ चारायच्या, त्या नीट करण्यात त्याचा हात धरणारा दोन जिल्ह्यांत कुणी नव्हता. बोलायला तिरसट, कामाला चोख. गॅरेजच्या दारावर ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं: ‘आधी थांबणं, मग पळणं.’ कुणी पोरगं ताकद वाढवा म्हणून आलं की हा आधी टायर बघायचा, मग ब्रेक, मग शॉकअब, मग रेडिएटर, आणि सगळ्यात शेवटी इंजिनाला हात घालायचा. हे सगळं मीच शिकवलेलं. त्यामुळे त्याचा मला भारी अभिमान होता.

त्या दिवशी तो निघाला ते अगदी साध्या कामाला. गुरुवार, चौदा डिसेंबर, दोन हजार तेवीस. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. बायकोनं, क्रांतीनं, सकाळी घट मांडला होता आणि नैवेद्याच्या वेळेला घरात या म्हणून बजावलं होतं. नाथाजी हो म्हणाला आणि दुपारी साडेतीनला एका गिऱ्हाइकाची गाडी घेऊन बाहेर पडला. त्या गाडीचा मागचा ब्रेकचा दिवा आपोआप लागायचा. कुठंही नाही, फक्त पसरणी घाटात, पाचगणीहून वाईकडे उतरताना, आणि तेही अंधार पडल्यावर. तेव्हा गाडी घाटात न्यायची, एकदा उतरवून बघायची आणि परत यायचं. एवढंच काम.

गिऱ्हाईक म्हणजे विश्वजीत, कवठे महांकाळचा द्राक्षबागाईतदार, तिशीतला गडी. त्याचा भाचा पाचगणीला वसतिगृहात शिकायला होता, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा त्याचं तिकडं जाणं व्हायचं. परत येताना मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या, लाइट मारायच्या, एकानं तर वाईत गाडी आडवी घालून ‘पाय काढ की ब्रेकवरचा’ म्हणून शिव्या दिल्या होत्या. विश्वजीत शपथेवर सांगायचा की पाय ब्रेकवर नव्हताच. त्या दिवशी तो मागून आपली पिकअप घेऊन येणार होता, म्हणजे दिवा लागला की त्याला दिसेल.

आता गाडीबद्दल. तिचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण नाव घेतलं की तुम्ही गोष्ट सोडून गाडीवरच बोलत बसाल. जुनी, पेट्रोलची, हलक्या अंगाची आणि तिखट इंजिनाची, एवढं पुरे. सांगलीच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून विश्वजीतनं ती घेतली होती. ठोकलेली होती, नीट करून विकली होती, ते त्याला ठाऊक होतं. दहा दिवसांपूर्वी ती गॅरेजला आली तेव्हा राखाडी रंगाची होती. नाथाजीनं बोनेट उघडलं आणि तो तसाच उभा राहिला.

मी माझ्या पोरांना एक सवय लावायचो. नट नीट आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका आहे, काम झालं. ठिपका नाही, काम राहिलं. या गाडीत डाव्या बाजूच्या शॉकअबच्या नटांवर पिवळे ठिपके होते. इंजिनाच्या माउंटिंगवर होते. हात नाथाजीचाच होता. वरचा राखाडी रंग नवा होता, आतून गाडी पांढरी होती. ती अवधूतची गाडी होती.

अवधूत वाईचा. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. चौतिशीचा, सडपातळ, शांत माणूस. वडील गेल्यावर त्यांची ही गाडी त्यानं विकली नाही, नाथाजीकडे आणली. तेव्हा ती गरम झाली की बंद पडायची. आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी पंप बदलला होता, प्लग बदलले होते, हातात येईल ते बदलत सुटले होते. नाथाजीनं काहीच बदललं नाही. गाडी तापवली, बंद पडू दिली, आणि एकेक करत शोधत गेला, तर रिलेच्या, म्हणजे पंपाला वीज देणाऱ्या डबीच्या, आतला एक टाका उललेला निघाला. गार असताना चिकटायचा, तापला की सुटायचा. डाग देऊन बसवला आणि गाडी चालू. अवधूतला हे फार आवडलं. तो प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारायचा आणि नाथाजीसारख्या तिरसट माणसालाही त्याला उत्तर द्यावंसं वाटायचं.

दोन वर्षं दोघांनी मिळून ती गाडी घडवली. घाई नाही, भपका नाही. आधी टायर, मग बुश, मग रेडिएटर, मग ब्रेकच्या डिस्क आणि पॅड, आणि शेवटी इंजिन. अवधूत शहाण्यासारखा चालवायचा. त्याला शर्यत लावायची नव्हती, त्याला वळण स्वच्छ घ्यायचं असायचं.

शेवटचं काम एप्रिलमध्ये झालं. सगळं संपलं होतं, एक ब्रेक ऑइल तेवढं बदलायचं राहिलं होतं. नाथाजीनं टाकीचं झाकण उघडून पाहिलं होतं, आतलं तेल कोऱ्या चहासारखं काळं पडलं होतं. त्याला हवा होता तो चांगल्या प्रतीचा डबा पुण्याहून यायचा होता, तो आला नव्हता. ‘दोन दिवस थांबा’ एवढंच सांगायचं होतं. पण त्या वेळी गॅरेजात तीन नवी पोरं उभी होती, याची कीर्ती ऐकून आलेली. दारावर ती पाटी. आणि अवधूतनं चावी हातात घेताना सगळ्यांसमोर विचारलं, “ब्रेक ऑइल?”

नाथाजी म्हणाला, “बघितलंय.”

आपल्या मराठीत हा शब्द मोठा सोयीचा आहे. बघितलंय म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, आणि बघितलंय म्हणजे काम उरकलं. नाथाजी पहिल्या अर्थानं बोलला. अवधूतनं दुसऱ्या अर्थानं ऐकलं. नाथाजीला हे बोलतानाच कळत होतं, हे त्यानं मला स्वतः सांगितलं. पुढच्या खेपेला बदलू, कुणाला काय कळतंय, असं मनाशी म्हणाला आणि हात पुसायला लागला.

तुम्ही शिकलेली पोरं आहात, पण एवढं लक्षात ठेवा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. जुनं झालं की त्यात पाणी साठतं. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. घाटात, लांब उतारावर, ब्रेक तापले की ते उकळतं आणि नळीत वाफ धरते. मग पेडल दाबलं की वाफ दबते, ब्रेक लागत नाही. माणूस पुन्हा दाबतो. पुन्हा. पुन्हा. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी की गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा तेल होतं आणि ब्रेक शहाण्यासारखा घट्ट लागतो.

दोनच दिवसांनी, गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला, अवधूतची गाडी पसरणी घाटात डोंगराच्या कड्यावर आदळली. वाईचे दिवे खाली दिसायला लागतात त्या वळणावर. दरी दुसऱ्या बाजूला होती आणि समोरून माणसांनी भरलेली जीप वर येत होती. तो जागीच गेला. दुसऱ्या दिवशी तपासणीला आलेल्या माणसानं पेडल दाबून पाहिलं, घट्ट होतं. ब्रेक ठीक, गाडीचं इंजिन वाढवलेलं, म्हणजे वेग. यात त्या माणसाची चूक नव्हती, जे दिसलं ते त्यानं लिहिलं. वाईत मात्र तोंडं सुटली. मास्तरीणबाईंचं पोरगं, पण गाडीचा माज. असली गाडी कशाला हवी होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दहाव्याला नाथाजी वाईला गेला. अवधूतची आई उमाबाई, शाळेतल्या जुन्या शिक्षिका, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, तुम्ही त्याची गाडी बघत होता ना, काय झालं असेल हो? खोलीत वीसेक माणसं. सगळे याच्याकडे बघायला लागले. आणि नाथाजी म्हणाला, “म्या सांगितलं हुतं त्यास्नी, बाई. गाडीत आता लय जोर हाय, जपून चालवा म्हणून.”

उमाबाईंनी नुसती मान हलवली. नाथाजीनं चहा घेतला नाही. घरी आल्यावर मोरीत जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. सतरा वर्षं फौजेत काढलेला गडी मला म्हणाला, सर, मला माझीच किळस आली. आणि तरीही आठ महिने तो गप्प राहिला. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं झालं. गॅरेजात शिरताना तो पाटीकडे पाठ करून शिरायचा.

आणि आता तीच गाडी त्याच्या दारात होती. परत पाठवली असती तर विश्वजीतनं ‘का?’ म्हणून विचारलं असतं. म्हणून ठेवून घेतली. दहा दिवस तिच्यामागे लागला. पेडलचा स्विच तपासला, ठीक. पेडल जिथं टेकतं तिथलं रबर ठीक. वायर, अर्थिंग, बल्ब, सगळं ठीक. दिव्याला वेगळी वायर जोडून रात्रभर गाडी उभी ठेवली, एकदाही लागला नाही. आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं, तक्रार नव्हती, तरी त्यानं त्या गाडीचं ब्रेक ऑइल बदललं. एकदा नाही, तीनदा. चारही चाकांच्या ब्रेकनळ्यांतली हवा काढली आणि चारही ठिकाणी पिवळा ठिपका दिला. ज्याच्यासाठी करायला हवं होतं तो नव्हता. पण हात ऐकेनात, म्हणाला.

तर त्या गुरुवारी तो पाचवडला आत वळून वाईला पोचला तेव्हा सहा वाजले होते. घाट चढून पाचगणीला दोघांनी चहा घेतला. विश्वजीत भाच्याला भेटून आला होता, खुशीत होता, द्राक्षांच्या छाटणीचं काही तरी सांगत होता. नाथाजीचं लक्ष घड्याळाकडे. सात वाजता निघू, म्हणाला. विश्वजीतनं त्याला फोन लावला, नाथाजीनं तो स्पीकरवर टाकून समोर डॅशबोर्डवर ठेवला. फोन चालूच ठेवायचा, दिवा लागला की सांगायचं, असं ठरलं.

गाडी उतरायला लागली. थंडी होती, म्हणून काचा वर होत्या. नाथाजीनं तिसरा गिअर ठेवला, ब्रेकला हातही, म्हणजे पायही, लावायचा नाही असं ठरवलं होतं. पहिली दोन वळणं नीट गेली. विश्वजीत म्हणाला, काही नाही भाऊ, दिवा बंद आहे. तिसरं वळण गेलं. घाटात त्या वेळी गाड्या असतात, पण त्या दिवशी मागे विश्वजीत सोडून कुणी नव्हतं. समोरूनही कुणी नव्हतं.

मग वळण घेतल्यावर खाली वाईचे दिवे दिसले.

“भाऊ, दिवा लागला,” विश्वजीत म्हणाला.

“म्या पाय ठिवलेला न्हाई.”

“आता इझला... परत लागला. इझला. लागला. भाऊ, तुमी दाबताय का?”

“न्हाई, गड्या.”

नाथाजीनं दुसऱ्या हातानं मोबाइलचा उजेड... नाही, मोबाइल समोर होता. त्यानं आतला दिवा लावला. आणि खाली पाहिलं.

पेडल हलत होतं.

खाली जात होतं. वर येत होतं. खाली. वर. सावकाश नाही. जिवाच्या आकांतानं. तळापर्यंत जायचं, धप्प. वर यायचं. धप्प. त्याचे दोन्ही पाय बाजूला होते, सीटच्या कडेला चिकटलेले.

“भाऊ,” विश्वजीत म्हणाला, “सारखं लागतंय. तुमी थांबा बरं.”

थांबायचं होतंच. नाथाजीनं गिअर दुसऱ्यात टाकला. गाडी ओरडली, पण वेग कमी झाला नाही. हँडब्रेक ओढला. दोरी तुटल्यासारखा हातात आला. आता पेडलवर पाय ठेवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यानं उजवा पाय ठेवला.

पेडल लोण्यासारखं खाली गेलं. पार तळाला. आणि पाय काढून घेता येईना.

तीन डबे नवं तेल. चारही नळ्यांतली हवा काढलेली. आणि पेडलमध्ये जीव नाही... पाय खाली जात होता, वर येत होता, पुन्हा खाली. तो नाथाजी दाबत नव्हता. पाय त्याचा होता, पण दाबत तो नव्हता.

समोर डोंगराचा कडा. दुसरीकडे काही नाही. नुसता अंधार आणि खाली वाईचे दिवे.

तेव्हा त्याला कळलं. हे त्याला घाबरवायला चाललेलं नव्हतं. कुणी त्याचा जीव घ्यायला आलेलं नव्हतं. एक माणूस गाडी थांबवू पाहत होता. आठ महिने, रोज, त्याच वळणावर, तो ब्रेक दाबत होता. वेगानं चालवणारा माणूस असं करतो का? आणि हे पाहायला नाथाजीशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

तो ओरडला नाही. हळूच बोलला. बायकोशी बोलावं तसं, म्हणाला.

“बघितलं हुतं, अवधूतराव. नुसतं बघितलं हुतं. बदललं न्हवतं.”

पेडल थांबलं.

मग घट्ट झालं. दगडासारखं. गाडीनं नाक खाली घातलं आणि टायर कुरकुरत ती उभी राहिली. कड्यापासून हातभर अंतर होतं.

इंजिन बंद पडलं. घाट गप्प. कुठं किडाही नाही. नाथाजीला स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि... अजून एक. दमलेल्या माणसाचा. तो हळूहळू मंदावत गेला.

आणि मग डॅशबोर्डवरून आवाज आला, तेव्हा तो खरा दचकला.

“भाऊ...” विश्वजीतचा आवाज बारीक झाला होता. “काय बदललं न्हवतं?”

फोन चालूच होता.

पोरांनो, भुतासमोर कबूल करणं सोपं. भूत कुणाला सांगत नाही. पण आता एक जिवंत माणूस विचारत होता, आणि नाथाजीला पहिल्यांदा वाटलं की फोन बंद करावा. हात पुढे गेलाही. मला म्हणाला, सर, त्या पेडलपेक्षा त्या प्रश्नाचं भ्या जास्त वाटलं. पण त्यानं फोन बंद केला नाही. विश्वजीत पिकअपमधून उतरून आला, तेव्हा त्याला सगळं सांगितलं, गाडीला टेकून, एक शब्द न वगळता. शेवटी विश्वजीत एवढंच म्हणाला, “मग हितं कशाला उभं ऱ्हायलाय? त्यांचं घर खालीच हाय न्हवं?”

उमाबाईंच्या घरी पोचले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी एकटीनंच घट मांडला होता, आरती होऊन गेली होती. दार त्यांनीच उघडलं. नाथाजीनं बूट बाहेर काढले, आत गेला आणि बसा म्हणायच्या आत जमिनीवर बसला. विश्वजीत दारातच उभा राहिला. नाथाजीनं घाटातलं काही सांगितलं नाही. फक्त एप्रिलमधलं सांगितलं. झाकण उघडलं होतं, तेल काळं होतं, डबा आला नव्हता, चार माणसांत कमीपणा वाटला म्हणून बघितलंय म्हणालो. तुमच्या पोरानं गाडी जोरात चालवली नाही, बाई. दहाव्याला मी खोटं बोललो.

उमाबाई घटाकडे वळल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते नाथाजीला ठाऊक नव्हतं.

जुलैमध्ये त्यांच्या जुन्या शाळेनं त्यांना बोलावलं होतं. मुलांना रस्त्यावरच्या शिस्तीबद्दल चार शब्द सांगा म्हणून. त्या गेल्या. “मी तीनशे मुलांसमोर उभी राहिले,” त्या म्हणाल्या, “आणि माझ्या मुलासारखं वागू नका असं सांगितलं. वेगाच्या हौसेपायी त्यानं जीव घालवला, मला त्याची लाज वाटते, असं म्हणाले. मुलं रडली. बाईंनी किती धीरानं सांगितलं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.” त्यांचा आवाज चढला नाही. “आठ महिने मला माझ्या मेलेल्या मुलाची लाज वाटत होती, नाथाजी. ती तुमची होती. तुम्ही मला वापरायला दिलीत.”

नाथाजीनं डोकं जमिनीला टेकवलं. माफी मागितली नाही, कारण मागायला तोंड नव्हतं. त्या म्हणाल्या, सोमवारी त्या शाळेत या. त्याच तीनशे मुलांसमोर. मी शेजारी उभी राहीन. हा हो म्हणाला.

तो गेला. मला बरोबर घेऊन गेला, म्हणून हे मी पाहिलंय. धड दोन वाक्यं सलग बोलता येईनात त्याला, पण बोलला. इस्लामपूरपर्यंत बातमी गेली, निम्मी गिऱ्हाइकं तुटली, आणि जी राहिली ती अजून आहेत. दारावरची पाटी त्यानं उतरवली नाही. फक्त आता गाडी देताना तो ‘बघितलंय’ म्हणत नाही. ‘केलंय’ म्हणतो, नाहीतर ‘राहिलंय’. विश्वजीत अजून तीच गाडी वापरतो, घाटात दिवा पुन्हा लागला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रात्री अजून एक व्हायचं होतं.

नाथाजी निघाला. पायरीवर बसून बूट घालायला लागला, तेव्हा उमाबाईंनी बाहेरचा दिवा लावला. त्याचे बूट तपकिरी कातड्याचे होते. उजव्या बुटावर, वरच्या बाजूला, बोटांवर कातडं असतं तिथं, दुसऱ्या बुटाच्या तळव्याचा ठसा होता. तिरप्या रेघांचा. तेलकट. टोक पुढच्या दिशेला, जसा त्याचा स्वतःचा पाय होता तसाच. कुणीतरी त्याच्या पायावर पाय ठेवून दाबलं होतं, त्याच सीटवर बसून.

नाथाजीनं बोटानं पुसलं. वास घेतला. ब्रेक ऑइल. आणि त्या गाडीत एक थेंब कुठून गळत नव्हता, ते त्यानं स्वतः दहा दिवस पाहिलं होतं.

उमाबाई वाकून बघत होत्या. त्या आत गेल्या. माळ्यावरून काही तरी काढल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात दवाखान्यातून दिलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. तोंडाला गाठ मारलेली, गाठीवर चिकटपट्टी, पट्टीवर एप्रिलची तारीख. आठ महिन्यांत त्यांच्यानं ती उघडली गेली नव्हती. त्यांनी पट्टी सोलली. गाठ दातांनी सोडवली. आतून अवधूतचा उजवा बूट काढला आणि उलटा करून दिव्याखाली धरला.

तिरप्या रेघा होत्या. त्याच.

त्यांनी तळव्यावरून बोट फिरवलं आणि ते नाथाजीपुढे केलं.

बोट ओलं होतं.